एल्क-मूससाठी ३०-०६ चं काडतूस ठरवताना : प्रकल्प नोंदी

८ जून : आधी हद्द आखली

रायफल ३०-०६ स्प्रिंगफील्डची, बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा). नळी २२ इंच, आट्यांचा पीळ दहा इंचांत एक फेरा. जनावर एल्क, आणि सोडतीत परवाना लागला तर मूस; दोन्ही हरणांच्या कुळातली मोठी जनावरं. अंतराची हद्द ३०० यार्ड. त्यापलीकडे चाप ओढायचाच नाही. भारतात शिकारीला कायद्याने बंदी आहे, तेव्हा या नोंदी परदेशात रीतसर परवाना काढून जाणाऱ्यांच्या उपयोगाच्या.

सगळी काडतुसं कारखान्यात भरलेली. घरी भरलेल्या काडतुसांचा विषय यात नाही, कारण तिथे दारू, टोपी (दारू पेटवणारा प्राइमर), गोळी किती खोल बसवायची असं सगळंच बदलता येतं आणि तुलना कधी संपतच नाही.

दुकानात जाण्याआधी नियम वाचले. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क-मूससाठी गोळी किमान ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम), व्यास किमान .२४ इंच आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. ३०-०६ यातून सहज सुटतं. खरी अडचण शिशाची. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या गोळीतलंही शिसं बंद केलं. म्हणून उमेदवारांत निदान एक तरी बिनशिशाची हवीच.

१२ जून : पाच उमेदवार

पेटीवर ‘प्रीमियम’ छापलेलं असलं की आत काय वेगळं आहे हे पाहावं लागतं. पितळी केस (काडतुसाचं नळकांडं) साधारण तीच. कधी तिच्यावर निकेलचा मुलामा असतो. त्याने केस गंजत नाही आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत) सरकते छान, पण जनावरापर्यंत केस जात नाही. दारू थोडी बरी, थंडी-उन्हात कमी हलणारी. पैसे मुख्यतः गोळीच्या बांधणीचे. म्हणून पेट्या कंपनीप्रमाणे न लावता बांधणीप्रमाणे लावल्या.

साधी, १८० ग्रेन. शिशाचा गाभा, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट, टोकाला उघडं शिसं. ही प्रीमियम नाही. मोजपट्टी म्हणून घेतली, कारण महागड्या गोळीने काय जास्त दिलं हे साधी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

भिंतवाली, १८० ग्रेन. जॅकेटच्या मध्ये आडवी भिंत, पुढे-मागे शिशाचे वेगळे गाभे. पुढचा भाग फुलतो, झिजतो, मागचा शाबूत राहून आत जात राहतो. ही कल्पना जॉन नॉस्लरची; त्याच्या पार्टिशन गोळीवरच १९४८ मध्ये कंपनी उभी राहिली. स्विफ्टच्या ए-फ्रेममध्ये हीच भिंत आहे, शिवाय पुढचा गाभा जॅकेटला जोडलेला.

बाँडेड, १८० ग्रेन. भिंत नाही, पण शिसं आणि जॅकेट एकजीव केलेलं, त्यामुळे गाभा सुटत नाही. टोकाला प्लॅस्टिक.

तांब्याची, १६८ ग्रेन. आत शिसं अजिबात नाही, टोकाशी पोकळी आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं टोक. बार्न्सने १९८९ मध्ये एक्स गोळी आणली तेव्हापासूनचा हा रस्ता. तांबं शिशापेक्षा हलकं (घनता ८.९६, शिशाची ११.३४), म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळीला पीळ जास्त लागतो आणि केसमधली दारूची जागाही ती खाते. यासाठी तांब्यात एक पायरी खाली उतरायचं : शिशात १८०, तर तांब्यात १६५ किंवा १६८.

लांब पल्ल्याची, १७८ ग्रेन. सडपातळ, हवेत कमी अडणारी, पातळ जॅकेटची. दुकानात हिचीच शिफारस सगळ्यात जास्त होते.

प्रत्येकीच्या तीन पेट्या, म्हणजे साठ काडतुसं. पेट्या घेताना तिन्हींचा लॉट नंबर (कारखान्यातल्या एका खेपेचा क्रमांक) एकच आहे ना ते पाहिलं. एका प्रकारात दुकानदाराने दोन लॉट मिसळून दिले होते. ते परत केले. एवढ्याशा गोष्टीत पुढचा आठवडा गेला, पण मिसळलेल्या लॉटवर केलेली चाचणी कुठल्याच लॉटची नसते.

२१ जून : क्रोनोग्राफने दिवस खाल्ला

पेटीवर छापलेला वेग सहसा २४ इंची नळीचा असतो. ३०-०६ मध्ये इंचामागे २० ते २५ फूट प्रति सेकंद उतरतात, तेव्हा २२ इंचाला पन्नासेक कमी धरायचे. धरण्यापेक्षा मोजलेलं बरं.

प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) होता. सकाळी आकडे वेडेवाकडे आले : एकाच पेटीतली एक गोळी २६४०, लगेच पुढची २८७०. काडतुसात एवढा फरक असता तर टोप्या आणि केसवर दिसला असता. त्या सगळ्या सारख्या होत्या. दोष यंत्राच्या जागेत होता. नळीच्या तोंडापासून ते दीडेक मीटरवर होतं, आणि गोळीआधी पोचणारा बाराचा झोत सेन्सर चाळवत होता. तीन मीटरांवर सरकवल्यावर निम्मा गोंधळ गेला. उरलेला तिरप्या उन्हाचा; वरच्या पांढऱ्या छत्र्या लावल्यावर तोही संपला. सकाळचे सगळे आकडे खोडले. तीस काडतुसं केवळ वेगापुरती वाया गेली.

दुपारचे सरासरी वेग, तापमान २८ अंश सेल्सिअस : साधी २६५०, भिंतवाली २६४५, बाँडेड २६५५, तांब्याची २७४५, लांब पल्ल्याची २६९५. पेटीवर अनुक्रमे २७००, २७००, २७००, २८००, २७५०. म्हणजे कंपन्यांनी फुगवून छापलेलं काही नाही, नळीच आखूड आहे.

आता हे आकडे उलटे वाचायचे. १८० ग्रेनची ही जात २७०० वर निघाली तर ३०० यार्डांवर साधारण २१४० उरतात. आपली २६४५ वर निघते, म्हणजे २०८० ते २०९०. शिशाच्या बहुतेक प्रीमियम गोळ्यांना फुलायला १८०० पुरतात. तांब्याला मी २००० च्या खाली जाऊ देणार नाही, कंपनी काहीही म्हणो. ३०० यार्डांत पाचही गोळ्या आपापल्या रेषेच्या वर आहेत. ज्याला ४५० यार्डांची स्वप्नं आहेत त्याने इथेच थांबून पुन्हा हिशेब करावा.

२८ जून : ग्रुप, आणि सगळ्यांचेच फाकलेले

१०० यार्ड, बेंच, पुढे वाळूची पिशवी फोरएंडखाली, म्हणजे दस्त्याच्या पुढच्या भागाखाली (नळीखाली कधीच नाही), मागे दस्त्याखाली छोटी पिशवी. दोन गोळ्यांमध्ये एक मिनिट, पाच झाल्या की नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं. शिकारी रायफलची नळी पातळ असते. तापली की चौथ्या-पाचव्या गोळीला नेम सरकतो आणि दोष काडतुसाच्या माथी बसतो.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर (कागदावरची छिद्रं किती फाकली त्यावर) निर्णय घेणं सोडून द्यावं. तीच रायफल आणि तेच काडतूस असलं तरी दहा गोळ्यांचा ग्रुप तीनच्या सरासरीने दीडपटीहून मोठा येतो, साधारण १.६ पट. तीनचा एखादा नखाएवढा ग्रुप हा नशिबाचा भाग. म्हणून दर प्रकारच्या दहा, पाच-पाचच्या दोन खेपांत, एकाच कागदावर.

आज पाचही प्रकार दोन-अडीच इंचांच्या वर. हा नियम लक्षात ठेवण्यासारखा : एकच काडतूस फाकलं तर दोष बहुधा काडतुसाचा, सगळीच फाकली तर रायफलचा. दुर्बिणीच्या बेसचा मागचा स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला. तेल पुसून, धागा कोरडा करून, हलकं थ्रेडलॉकर लावून कंपनीने दिलेल्या टॉर्कवर बसवला. दस्त्याचे दोन्ही स्क्रूही तपासले, ते ठीक. आजची पन्नास काडतुसं मात्र हिशेबातून बाद. नेमबाजीच्या दिवशी बॅगेतून पहिली वस्तू टॉर्क रेंच निघायला हवी, काडतुसांची पेटी नंतर.

प्रत्येक प्रकाराच्या आणखी दोन पेट्या मागवल्या, त्याच लॉटच्या. बाँडेडच्या त्या लॉटच्या पेट्या संपल्या होत्या; नवा लॉट घेतला आणि जुनी उरलेली वेगळी ठेवली.

६ जुलै : खरे ग्रुप, आणि तांब्याची कुरकुर

दहा गोळ्यांचे ग्रुप, १०० यार्ड, इंचांत : लांब पल्ल्याची १.२, बाँडेड १.५, साधी १.७, भिंतवाली १.८. तांब्याची २.६.

तांब्याचा आकडा पाहून बरेच जण इथेच पेटी बाजूला सारतात. घाई आहे ती. नळीत आधीच्या चारही प्रकारांच्या जॅकेटचा थर बसलेला होता. जॅकेटचा धातू शुद्ध तांबं नसतो, त्यात साधारण पाच टक्के जस्त असतं. त्या थरावरून शुद्ध तांब्याची गोळी गेली की अनेक नळ्या बिनसतात. पुढच्या वेळी नळी धुऊन, तांब्याची एकटी.

९ जुलै : निळा न संपणारा चिंधा

अमोनियाचा तांबं काढणारा सॉल्व्हंट, सळई, चिंध्या. चेंबरकडून, बोअर गाइड (सळई सरळ धरणारी नळी) लावून. तोंडाकडून सळई घातली तर नळीच्या टोकाची कड झिजते आणि ग्रुप कायमचा बिघडतो. चिंधा निळा आला की नळीत तांबं आहे, पांढरा आला की संपलं, असा सरळ हिशेब.

दीड तास उलटला तरी चिंधा निळाच. पंचवीस-तीस चिंध्यांनंतरही तीच छटा, ना फिकी ना गडद. छटा बदलत नाही म्हणजे रंग नळीतून येत नाहीये. सळईच्या टोकाचा जॅग (चिंधा धरणारा तुकडा) पितळेचा होता. सॉल्व्हंट त्याचंच तांबं विरघळवत बसला होता. खात्रीसाठी एक कोरा चिंधा जॅगवर गुंडाळून, सॉल्व्हंट टाकून नुसता टेबलावर ठेवला. पाच मिनिटांत निळा. प्लॅस्टिकचा जॅग लावला, तिसरा चिंधा पांढरा. ब्राँझच्या ब्रशचंही हेच : घासून झाल्यावर तो बाजूला ठेवायचा, नळी कोरडी करायची आणि मगच तपासणीचा चिंधा.

शेवटी कोरडा चिंधा, मग तेलाचा हलका हात, आणि गोळी झाडण्याआधी ते तेलही पुसून. नळीत साचलेल्या तेलाने पहिली गोळी भलतीकडे जाते.

१३ जुलै : तांब्याची दुसऱ्यांदा

स्वच्छ नळीत आधी पाच गोळ्या मातीच्या बांधावर, थर बसवायला. मग दहा कागदावर : १.४ इंच. अडीचाचे दीडच्या आत आले, बाकी काहीही बदललेलं नसताना.

याची किंमतही समजून घ्यावी. सराव स्वस्त जॅकेटवाल्या गोळ्यांनी आणि शिकार तांब्याने, हा सोयीचा बेत या रायफलला मानवत नाही. तांब्याची निवडली तर हंगामाआधी नळी धुऊन, पाच-सहा तांब्याच्या झाडून, तशीच थराची नळी घेऊन जायचं. मध्ये दुसरं काही नाही.

२० जुलै : पाण्याचे डबे, २५ यार्ड

ग्रुपचा नाद इथे सोडला. एल्कच्या छातीतला हृदय-फुफ्फुसांचा भाग आडव्या उभ्या जनावरात साधारण ३० सेंटिमीटरचा. १.८ एमओएची (नेमाच्या फाकण्याचं कोनातलं माप; एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच) रायफल ३०० यार्डांवर साडेपाच-सहा इंचांत, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या आत पडते. पाचांतली सगळ्यात विस्कळीतही पुरून उरते. १.२ आणि १.८ मधला फरक कागदाला कळतो, जनावराला नाही.

गॅलनचे प्लॅस्टिकचे डबे पाण्याने काठोकाठ भरून, एकाला एक चिकटवून, लांब फळीवर रांगेत. मागे मातीचा उंच बांध. डबे बांधले नाहीत तर पहिला फुटताना बाकीचे उडतात आणि गोळी रांगेबाहेर जाते. दोन गोळ्या अशाच हरवल्या. दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्यावर रांग जागेवर राहिली.

पाणी म्हणजे मांस नव्हे. मोजमापाचं खरं माध्यम १० टक्के जिलेटिन, ४ अंशांवर ठेवलेलं आणि छर्रा मारून पारखलेलं. ते न पारखता वापरण्यापेक्षा पाणी बरं, कारण पाणी सगळीकडे सारखं. गोळ्यांची आपसात तुलना करायला पुरतं. गोळीवर ते मांसापेक्षा कठोर असतं एवढं ध्यानात ठेवायचं.

प्रत्येक प्रकाराच्या तीन, सापडलेल्या गोळ्या पुसून ग्रेनच्या काट्यावर.

साधी : तिन्हींत गाभा आणि जॅकेट वेगळे. एकीचं रिकामं जॅकेट दुसऱ्या डब्याच्या तळाशी सालपटासारखं पडलेलं, गाभा चौथ्यात, शिल्लक वजन ४० टक्क्यांच्या आसपास. लांब पल्ल्याची : फुलली प्रचंड, छत्री मोठी, पण चौथ्या डब्यातच थांबली आणि निम्मी उरली. भिंतवाली : पुढचं शिसं जवळजवळ सगळं गेलं, भिंतीपासून मागचा भाग नवा कोरा, ६३ टक्के, सहावा डबा. बाँडेड : ७० टक्के, पाचवा-सहावा. तांब्याची : चार पाकळ्या मागे वळलेल्या, १६८ पैकी १६६ ग्रेन शिल्लक, सातवा डबा. तिसऱ्या गोळीची एक पाकळी तुटली होती, तरीही सातव्यातच.

तांब्याची गोळी हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. पाकळ्यांच्या कडा धारदार, अंगावरच्या आडव्या खाचा जशाच्या तशा, त्यांवर आट्यांचे तिरपे ओरखडे स्पष्ट. शेपटीचा भाग मापकावर .३०८ इंच, एका केसाचाही फरक नाही. साधीच्या गाभ्यावर आट्यांचा मागमूस नाही, कारण आट्यांशी गाठ जॅकेटची पडली होती आणि ते केव्हाच गळून पडलं.

३ ऑगस्ट : तीच परीक्षा ३०० यार्डांवर

जवळून कमी दारूची काडतुसं झाडून लांबचा वेग उभा करता येतो असं सांगितलं जातं. पूर्ण खरं नाही. ३०० यार्डांवर गोळीचा पुढचा वेग घटतो, पण स्वतःभोवतीचं फिरणं जवळपास तेवढंच राहतं. कमी दारूत दोन्ही एकदम घटतात, आणि फिरण्याने पाकळ्या उघडायला जी मदत होते ती मिळत नाही. म्हणून खरं अंतर.

वारा सकाळी सातपर्यंतच शांत असतो. नंतर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा या अंतरावर गोळी साडेसहा-सात इंच सरकवतो, आणि डबा सहा इंचांचा. दोन सकाळी लागल्या.

निकाल अनेकांच्या समजुतीच्या उलट. साधी गोळी इथे सुंदर चालली : गाभा जॅकेटमध्येच, छत्री एकसारखी गोल, तीन चतुर्थांश वजन शिल्लक. लांब पल्ल्याचीही तशीच. भिंतवाली आणि बाँडेड जवळच्याइतक्याच नीट. तांब्याच्या पाकळ्या उघडल्या, पण घेर जवळच्यापेक्षा कमी, अर्ध्या इंचाच्या आसपास.

म्हणजे लांबवर वेग कमी, मार कमी, आणि दोन रुपयांची गोळीही वीस रुपयांचं काम करते. ती मोडते ती जवळ, जिथे वेग पूर्ण असतो. झाडीत ४० यार्डांवर एल्क तिरपा उभा, गोळी फऱ्याच्या हाडावर : प्रीमियमचे पैसे या प्रसंगाचे आहेत. जाहिरातीत मात्र दऱ्यापलीकडचं जनावर दाखवतात.

लांब पल्ल्याची इथेच यादीतून गेली, पाचांत सर्वात घट्ट ग्रुप असूनही. हरणासाठी किंवा उघड्या माळावर ती उत्तम असेल. दाट झाडीत एल्कच्या खांद्यावर नको.

प्लायवुड पुढे लावून हाडाचा अंदाज घेण्याचा प्रयोगही झाला. लाकडाचा भुसा पोकळ टोकांत भरतो आणि निकाल लाकडाबद्दल सांगतात, हाडाबद्दल नाही. तो वेळ कुणी घालवू नये.

१० ऑगस्ट : थंडी

हंगामात पहाटे शून्याखाली, चाचणी २८ अंशांत. काडतुसं झिपच्या पिशवीत, बर्फाच्या पेटीत रात्रभर. सकाळी २ अंश. एकेक काढून, लगेच चेंबरमध्ये, लगेच गोळी. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस दोन मिनिटं राहिलं तर थंडीची चाचणी राहत नाही.

बाहेर काढताच केसवर दव धरतं. ते पुसल्याशिवाय भरायचं नाही. ओली किंवा तेलकट केस चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

भिंतवाली ४५ फूट प्रति सेकंद खाली, बाँडेड ३०, तांब्याची २०. उणे दहाला हे आकडे आणखी वाढणार. तांब्याची त्यातही ३०० यार्डांवर २१०० च्या आसपास राहते. चालेल.

१७ ऑगस्ट : मॅगझीन

रेंजवरच, नळी बांधाकडे. प्रत्येक प्रकाराच्या चार काडतुसांनी मॅगझीन भरून हळू, मग जोरात बोल्ट. ३०-०६ च्या काडतुसाची कमाल लांबी ३.३४० इंच, पाचही प्रकार त्याच्या आत होते, तरी भिंतवालीचं उघडं शिसं फीड रॅम्पवर (मॅगझीनमधून चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर) खरवडलं गेलं. झटक्याने मॅगझीनच्या पुढच्या भिंतीवर आपटून खालच्या काडतुसांची शिशाची टोकं चपटी झाली. ३०० यार्डांत त्याने नेम हलला नाही. प्लॅस्टिकच्या टोकांना काही झालं नाही.

एक गोष्ट नजरेआड होते. रोज सकाळी तेच काडतूस चेंबरमध्ये आणि रात्री बाहेर, असं आठवडाभर केलं की गोळी केसमध्ये किंचित आत सरकू शकते. गोळी आत सरकली की दाब वाढतो. मापकाने लांबी पाहावी, किंवा सोपं म्हणजे वरचं काडतूस दोन दिवसांनी सरावाच्या डबीत टाकावं. आणि बेंचवर एका वेळी एकाच कॅलिबरची पेटी. दिसायला सारख्या काडतुसांची अदलाबदल रायफलही फोडते आणि माणसालाही.

२४ ऑगस्ट : निर्णय

उरल्या तीन. बाँडेडचा नवा लॉट जुन्यापेक्षा ३५ फूट प्रति सेकंद वेगवान निघाला आणि १०० यार्डांवर दीड इंच उजवीकडे पडला. हा दोष नाही, लॉट बदलला की असं होतंच. पण जुना लॉट मिळत नाही, म्हणजे सगळं पहिल्यापासून. भिंतवाली जुनी, विश्वासाची, शिसं चालतं तिथे आजही हरकत नाही. पण पुढचं शिसं बारीक कणांत मांसात पसरतं, आणि जखमेभोवतीचं बरंच मांस कापून टाकावं लागतं.

तांब्याची घेतली. जवळ मोडत नाही, तिरप्या नेमालाही पलीकडे निघते, शिसं नाही त्यामुळे शिशाबद्दलचा कुठलाही नियम आडवा येत नाही. तिचा दुबळेपणाही लिहून ठेवतो : नुसत्या फुफ्फुसातून गेली तर वाट अरुंद पडते आणि जनावर शंभर-दोनशे यार्ड पळतं. म्हणून नेम बरगड्यांत मागे नको. थोडा पुढे, फऱ्याच्या मागच्या कडेला धरून. हाड लागलं तरी या गोळीला फरक पडत नाही, उलट त्यासाठीच ती घेतली.

एकाच लॉटच्या आठ पेट्या. पाचशे-सहाशे यार्डांच्या गोष्टी करणाऱ्यांना ही निवड पटणार नाही. त्यांचं गणित वेगळं आहे.

७ सप्टेंबर : झीरो

नळी धुतली, सहा तांब्याच्या झाडून थर बसवला. २०० यार्डांवर झीरो, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर पडते. १०० वर दोन इंच वर, ३०० वर सुमारे आठ इंच खाली, कागदावर झाडून पाहिलं. दुर्बिणीची एक क्लिक (नेम सरकवणाऱ्या चकतीचा एक टप्पा) १०० यार्डांवर पाव इंच.

मग रोज सकाळी थंड नळीतून एकच गोळी, आठवडाभर, त्याच कागदावर. सातही गोळ्या दीड इंचात. पूर्ण प्रकल्पात हाच ग्रुप शिकारीच्या जवळचा.

दस्त्याच्या डाव्या बाजूला टेप : लॉट नंबर, २०० झीरो, ३०० ला ८ इंच. कॅम्पवर पोचल्यावर, प्रवासात दुर्बीण हलली नाही ना ते पाहायला, १०० यार्डांवर दोन गोळ्या. त्या दोन इंच वर पडल्या नाहीत तर आधी स्क्रू, मग क्लिका. साधीच्या उरलेल्या बावीस गोळ्या हंगामानंतरच्या सरावाला, नळी पुन्हा धुण्याच्या तयारीने.